आयसीयूच्या बाहेर बसून देव कसा धरायचा

'एरवी कधी देवासमोर उभे राहिलो नाही, आता कोणत्या तोंडाने मागायचं?' कळव्याचं महापालिका रुग्णालय घ्या, वाशी-नेरुळची मोठी हॉस्पिटलं घ्या, नाहीतर खारघरचं टाटाचं कर्करोग केंद्र. आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांवर हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेक वेळा मोठ्याने नाही, शेजारच्या माणसाला हळूच.

या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. गीतेच्या सातव्या अध्यायातल्या सोळाव्या श्लोकात चार प्रकारचे भक्त मोजले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटात सापडलेला, विव्हळणारा. यादीत त्याचं नाव पहिलं येतं, आणि दोनच श्लोकांनंतर हे चौघेही 'उदार' म्हटले आहेत. ज्ञानी सर्वांत जवळचा, हे खरं. पण आर्ताला दारातून परत पाठवलेलं नाही. तेव्हा संकटात देव आठवला म्हणून शरमून जायचं कारण नाही. शरमेत जाणारा वेळ कामाला लावावा.

काय म्हणावं, हा पुढचा प्रश्न. इथे पहिली चूक होते. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतं, 'हे स्तोत्र रोज अकरा वेळा म्हणा, अनुभव येईल.' संस्कृत कधी वाचलेलं नसतं, जोडाक्षरांवर जीभ अडते, डोळे तारवटलेले असतात. तीन दिवसांत वाचन सुटतं आणि डोक्यावर अपराध बसतो. भागवताच्या आठव्या स्कंधातल्या गजेंद्राची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातला एक तपशील निसटतो. मगरीने पाय धरल्यावर गजेंद्र जी स्तुती करतो, ती त्याने पूर्वजन्मी शिकलेली होती. त्या क्षणी त्याला नवं काही सुचलं नाही, पाठ होतं तेच वर आलं. माणसाचंही तसंच होतं. घाबरलेल्या डोक्यात नवं काही मुरत नाही. म्हणून शाळेत पाठ झालेली रामरक्षा, आजीच्या तोंडून ऐकलेला हरिपाठ, गणपतीत म्हटलेलं अथर्वशीर्ष, शनिवारचं मारुतीस्तोत्र, यांतलं जे अर्धवट का होईना येतं ते घ्या. काहीच येत नसेल तर 'राम कृष्ण हरी' पुरे. कुलदैवताचं नाव त्याहून चांगलं, कारण ते लहानपणापासून कानावर असतं.

आता वेळेचा हिशेब, कारण हॉस्पिटलमधला दिवस तुकड्यातुकड्यांचा असतो. मारुतीस्तोत्राला तीन मिनिटं पुरतात. अथर्वशीर्षाला पाच-सहा, रामरक्षेला दहाच्या आसपास, ज्ञानदेवांच्या हरिपाठाला चालीवर न म्हणता वीस ते पंचवीस. 'राम कृष्ण हरी'ची १०८ मण्यांची माळ साडेतीन-चार मिनिटांत होते. ठाणे-वाशी लोकलला साधारण अर्धा तास लागतो. मधली स्टेशनं दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा. डबा घेऊन निघालेल्या माणसाचा हरिपाठ या प्रवासात आरामात होतो, आणि त्या अर्ध्या तासात दुसरं काही करण्यासारखंही नसतं. फोनवर सतत नातेवाइकांना रिपोर्ट सांगत बसण्यापेक्षा तो वेळ यासाठी राखून ठेवा. उतरल्यावर सगळ्यांना एकच मेसेज टाका.

माळ जवळ नसेल तर हात असतोच. अंगठा सोडून चार बोटांची पेरं बारा. अंगठ्याने बारा पेरं मोजली की दुसऱ्या हाताचं एक पेर पुढे सरकवायचं; असं नऊ वेळा केलं की १०८. (शास्त्रातल्या करमाळेत मधल्या बोटाची दोन पेरं मेरू म्हणून सोडतात आणि दहाच मोजतात. ती रीत माहीत असेल तर ती पाळा, नसेल तर आत्ता शिकत बसू नका.)

जप करताना श्वासाकडे लक्ष द्या, कारण घाबरलेल्या माणसाचा श्वास छातीच्या वरच्या भागातच फिरत राहतो आणि त्यानेच घबराट आणखी वाढते. 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरांसाठी साधी पद्धत अशी: मनात चार मोजेपर्यंत श्वास आत, मग श्वास सोडत सोडत हलक्या आवाजात एकदा मंत्र, सहा मोजेपर्यंत. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. ही गती हवेतून आलेली नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय-रक्तदाबाचं नियंत्रण सुधारलं. या गतीने एक माळ अठरा मिनिटांत होते. पहिल्या पाच मिनिटांत मन दहा ठिकाणी जाईल: बिल, सासूबाईंची शुगर, मुलाची परीक्षा. जाऊ द्या. मनातल्या मनात जप टिकत नसेल तर ओठ हलवा. नुसत्या मानसिक जपाचा आग्रह अशा वेळी धरू नये, माणूस दोन मिनिटांत झोपतो किंवा पुन्हा काळजीत जातो.

दिवसातून तीन वेळा ठरवून घ्या. एक, सकाळी डॉक्टरांच्या राउंडआधी दहा मिनिटं. दोन, संध्याकाळी भेटीच्या वेळेनंतर, कारण नळ्या लावलेला आपला माणूस पाहून आल्यावर पाय लटपटतात. तीन, रात्री दोन ते चारच्या दरम्यान जाग आली तर. रात्रीची वेळ सर्वांत वाईट. तेव्हा मोबाइलवर आजाराचं नाव शोधण्याची जी हुक्की येते, तिच्याऐवजी जप करा. त्या शोधातून पहाटेपर्यंत हाती लागतात ते फक्त सर्वांत वाईट आकडे.

मोठे संकल्प टाळा, हे मी ठासून सांगेन. 'सव्वा लाख जप एकवीस दिवसांत' असं कुणी सुचवलं की गणित करून पाहा. १०८ मण्यांची माळ हिशेबात शंभरच धरायची पद्धत आहे, म्हणजे १,२५० माळा. एकवीस दिवसांत वाटल्या तर रोज साठ. चार मिनिटांची एक माळ, म्हणजे रोज चार तास. पेशंटला सोडून चार तास कुणाकडे असतात? आठव्या दिवशी खंड पडतो, आणि नवव्या दिवशी ऑक्सिजन कमी झाला की घरातलीच बाई स्वतःला म्हणते, 'माझा नेम मोडला म्हणून झालं.' हा विचार एकदा शिरला की काढणं फार अवघड जातं. रोज तीन माळा ठरवा. जमल्या तर पाच, नाही जमल्या तर एक. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची नाही, तिथूनच पुढे जायचं.

आता वस्तूंबद्दल. अंगारा, तीर्थ, गंडा, फुलं, दिवा. श्रद्धा आणि उपचार यांची खरी टक्कर इथे होते, आणि ती टाळता येते.

तीर्थ आणि प्रसाद. ऑपरेशनआधी पेशंटला उपाशी ठेवतात ते उगाच नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. सर्वसाधारण नियम असा की साधं पाणी दोन तास आधी बंद आणि खाणं सहा तास आधी बंद, आणि दूध खाण्यातच धरतात. म्हणजे 'एक चमचा पंचामृत' हेही दूध झालं. तेवढ्याने ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं, आणि कुणी सांगितलंच नाही तर त्याहून वाईट होऊ शकतं. अर्धवट शुद्धीतल्या पेशंटच्या ओठांवर गंगाजल सोडणं तर धोक्याचंच. ते गिळलं जात नाही, श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून असतं, आणि नारळपाणी, केळं, खजूर यांत पोटॅशियम जास्त असतं. मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. देवळातून आणलेला नारळ फोडून पेशंटला पाणी पाजणं हे प्रेमाने केलेलं असलं तरी घातक आहे. प्रसाद बाहेरच्यांनी खावा आणि पेशंटच्या कपाळाला फक्त हात लावावा.

फुलं, तुळस, माती. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात. त्या काळात ताजी फुलं, न धुतलेली तुळशीची पानं, बाटलीत वर्षभर ठेवलेलं गंगाजल यांतले जंतू साध्या माणसाला काही करत नाहीत, पण त्या पेशंटला करतात. खारघरला कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांनी हे आधीच गावच्या मंडळींना फोनवर सांगून ठेवावं. आल्यावर हातातला हार काढून घेताना वाईटपणा येतो.

अंगारा आणि उदी. मानेत किंवा गळ्याखाली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर तिच्या आसपास कसलीही पूड नको. कपाळावर बोटभर लावायची असेल तर नर्सला विचारून, हात सॅनिटायझरने पुसून. जखमेवर, टाक्यांवर कधीच नाही. श्वासाचा त्रास असणाऱ्याच्या अंगावर उदी फुंकू नका.

गंडे-दोरे. सलाइन लावलेला हात सुजतो आणि मनगटावरचा घट्ट दोरा रुततो. एमआरआयला धातूचा ताईत, चांदीच्या तारेत गुंफलेला रुद्राक्ष, जरीचा धागा काढावाच लागतो, नाहीतर चुंबक ओढतो किंवा त्वचा भाजते. ऑपरेशन थिएटरमध्येही तेच. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावरच्या धातूपाशी भाजण्याची शक्यता राहते. नर्सने कात्रीने दोरा कापला की घरचे हबकतात, अपशकुन मानतात. त्यावर उपाय सोपा आहे. आदल्या रात्री घरच्याच मोठ्या माणसाने नमस्कार करून दोरा सोडवावा, छोट्या पाकिटात घालावा आणि बाहेर थांबणाऱ्याच्या खिशात ठेवावा. मंगळसूत्राचंही असंच, सासूने किंवा आईने स्वतःच्या हाताने काढून स्वतःकडे ठेवलं की पेशंट बाई शांत राहते.

दिवा आणि उदबत्ती हॉस्पिटलच्या खोलीत लावायची नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या जागी ठिणगीसुद्धा पुरते. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला असेल तर देवघराचा दिवा त्या खोलीतून हलवा.

मग पेशंटजवळ काय करायचं? आवाज. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसालाही ऐकू येत असण्याची शक्यता असते. भेटीच्या पाच-दहा मिनिटांत कानाशी त्यांचं नाव घ्या, आज वार कोणता ते सांगा, मग त्यांचंच आवडतं स्तोत्र किंवा अभंग हलक्या आवाजात म्हणा. मोबाइलवर लावायचं असेल तर परवानगी घेऊन, बारीक आवाजात. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या धर्माचा असू शकतो, आणि मशीनचा अलार्म नर्सला ऐकू यायला हवा. रडू आलं तर बाहेर या. पेशंटसमोर 'देवा, काय केलंस' असं म्हणू नका.

उपास. सोमवार, संकष्टी, गुरुवार सगळेच एकदम धरले जातात. पेशंटच्या शुश्रूषेला असलेल्या माणसाने उपास वाढवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मधुमेहाची इन्सुलिन किंवा गोळी चालू असलेल्या बाईने उपास केला तर दुपारी चार वाजता घाम, थरथर, गरगरणं सुरू होतं आणि एका पेशंटचे दोन होतात. शिवाय हॉस्पिटल रक्तदाते मागतं. रक्त द्यायला वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांत ९० आणि स्त्रियांत १२० दिवस झालेले असावे लागतात. उपाशीपोटी दिलं तर चक्कर येऊन पडायला होतं. त्या दिवशी उपास असेल तर सोडा. शास्त्रात यासाठी आपद्धर्म नावाची सोय आहेच: संकटकाळात नित्याचे नियम शिथिल होतात. ज्यांना काहीतरी सोडल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी चहातली साखर सोडावी, किंवा रात्री अकरानंतरचा मोबाइल.

मुहूर्ताचंही याच ओळीत सांगतो. राहुकाळ रोजच दीड तासाच्या आसपास असतो. ठरलेल्या, तातडी नसलेल्या ऑपरेशनची तारीख निवडताना डॉक्टरांना चालत असेल तर पंचांग पाहायला हरकत नाही. पण पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. तिथे अमावास्या संपायची वाट पाहत संमतीपत्रावरची सही लांबवली, तर मेंदूचा भाग कायमचा जातो. 'देव बरं करील' हे वाक्य ऐकलं की पाहावं, बोलणारा त्यानंतर सही करतो आहे की सही टाळतो आहे. पहिला श्रद्धाळू, दुसरा घाबरलेला. घाबरलेल्याला रागावू नका, त्याला डॉक्टरांसमोर नेऊन बसवा आणि प्रश्न त्याच्या वतीने तुम्ही विचारा.

नवसाबद्दल मतं टोकाची असतात. नवस बोलूच नये असं मी म्हणणार नाही, बोलल्याशिवाय ज्यांच्या मनाला आधार मिळत नाही अशी माणसं आपल्याच घरात असतात. पण बोलताना तीन गोष्टी पाळाव्यात. स्वतःच्या अंगावरचा बोलावा, दुसऱ्याच्या नाही ('माझी सून अनवाणी येईल' हा नवस नव्हे). पैशाचा असेल तर कर्ज न काढता फिटेल एवढा. आणि शरीराला इजा होईल असा नको. फळ मिळालंच नाही, माणूस गेला, तर तो नवस देणं म्हणून उरत नाही; तो फळाला बांधलेला होता. नवस बोलणारा स्वतःच गेला तर मागच्यांनी यथाशक्ती काहीतरी करून मोकळं व्हावं. 'यथाशक्ती' हा शब्द पूजेच्या संकल्पात आहेच, तो उगाच नाही.

प्रार्थनेला यंत्र समजू नये, हे सांगणारा एक मोठा अभ्यास आहे आणि भाविकांनी तो माहीत करून घ्यावा. २००६ साली अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये आला. सहा हॉस्पिटलांतले बायपासचे १,८०२ पेशंट, तीन गट. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण त्यांना खात्रीने माहीत नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्क्यांना झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१. आणि 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९. याचा अर्थ प्रार्थना फुकट असा मी लावत नाही. अनोळखी माणसांनी ठरावीक मजकूर म्हणून निकाल मागवता येत नाही, एवढा लावतो. पण त्या तिसऱ्या आकड्यापाशी थांबायला हवं. 'माझ्यासाठी इतकं चाललंय म्हणजे माझी अवस्था किती वाईट असेल' अशी भीती पेशंटला वाटली असावी, असा एक अंदाज तेव्हा मांडला गेला. म्हणून पेशंटला 'तुझ्यासाठी पन्नास जण पारायणाला बसलेत' असं सांगू नका. 'संध्याकाळी आम्ही घरी हरिपाठ म्हणतो, तूही मनात म्हण' एवढंच सांगा.

मागावं काय? साधं, स्पष्ट आणि आपल्या भाषेत. 'बरं कर' हे मागाच, ते गिळू नका. त्याबरोबर आजच्या दिवसापुरतं एक मागा: आज डॉक्टरांशी बोलताना डोकं जागेवर राहू दे, आज भावाशी भांडण होऊ नये, आज तीन तास झोप लागू दे. प्रार्थना संपल्यावर लगेच कागद घ्या आणि डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न लिहा. कालच्यापेक्षा आज काय बदललं? पुढच्या दोन दिवसांत कशाची भीती आहे? आम्ही कोणता निर्णय तयार ठेवायचा? शांत झालेल्या डोक्याने लिहिलेले प्रश्न नेमके येतात.

पैशाची चणचण हीही प्रार्थनेत येतेच, आणि तिची काही दारं माणसांच्या कचेऱ्यांत असतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. आपलं हॉस्पिटल त्यात येतं का, हे दाखल होतानाच तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला विचारा, बिल झाल्यावर नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, आणि प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाची वैद्यकीय मदत, यांचे अर्ज आजाराच्या कागदांसह करावे लागतात. देवाच्या दारात उभं राहायचं तर न्यासाच्या खिडकीतही उभं राहायला लाजू नये.

बुवा-बाबांचं थोडक्यात. औषध बंद करायला सांगतो, ऑनलाइन पैसे आगाऊ मागतो, 'घरातल्याच कुणीतरी करणी केलीय' म्हणतो: यांतलं एक जरी दिसलं तरी फोन ठेवा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना स्पष्ट मोकळीक आहे. त्यामुळे 'कायदा देवाच्या विरुद्ध आहे' असं कुणी सांगितलं तर ते खोटं. आयटीतली नोकरी गेलेल्या, ऐरोली-घणसोलीत घराचा हप्ता भरणाऱ्या तरुणांनाही हेच लागू. हप्ता थकलेला असताना क्रेडिट कार्डावर महागडी ग्रहशांती करू नका. आधी बँकेत जाऊन हप्त्यांची फेररचना विचारा, देवापुढे दिवा लावायला तेलाशिवाय काही लागत नाही.

आणि उत्तर येतच नाही तेव्हा? दिवस जातात, ताप उतरत नाही, देव गप्प. इथे आपल्या परंपरेची खरी श्रीमंती आहे आणि ती आपण वापरत नाही. संतांनी देवाला बोल लावलेत. जनाबाईंनी विठ्ठलाला सरळ शिव्या हासडल्या. नामदेव त्याच्याशी भांडतात, रुसतात. तुकोबांनी १६३० च्या आसपासच्या दुष्काळात घरातली माणसं गमावली, व्यापार बुडाला. त्यानंतरच्या त्यांच्या अभंगांत समजूतदारपणा आहे तसा संतापही आहे. आणि परंपरा असं सांगते की त्यांनी कर्जखतांतली अर्धी भाऊ कान्होबांना देऊन स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. म्हणजे देवाशी भांडता भांडता संसाराचा हिशेबही मार्गी लावला. ख्रिस्ती मंडळींच्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांतही विलाप करणारी कितीतरी आहेत. 'माझा त्याग का केलास' असं विचारणारं बावीसावं स्तोत्र त्यांतलंच. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ कौपिनेश्वराचं देऊळही आहे आणि सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चही, आणि दोन्हींकडे असं विचारायला आलेली माणसं असतात.

तक्रार करायची ती मोठ्याने करा किंवा लिहून काढा. हॉस्पिटलच्या जिन्यात जागा नसेल तर बाहेर पडा. तलावपाळीला एक फेरी मारता मारता पुटपुटलं तरी चालतं, कुणी वळून पाहत नाही. तक्रार संपली की शेवटी एकदा नाव घ्या, नुसतं नाव. बोलणं चालू राहिलं एवढाच त्याचा उपयोग. यात बिघाड होतो तो भोवतालच्यांमुळे. 'देवाची मर्जी', 'मागच्या जन्मीचं काहीतरी असेल', 'खंबीर राहा'. ही तीन वाक्यं सांत्वनाला जाणाऱ्यांनी घरीच ठेवून जावीत. त्याऐवजी 'रविवारची रात्र मी थांबतो, तुम्ही घरी जाऊन झोपा' म्हणा.

भजनी मंडळांनी आणि सोसायटीतल्या महिला मंडळांनी वॉर्डात पंधरा जण जाऊ नये. चार जणांची पाळी लावावी: एक डब्याची, एक रात्रीच्या थांबण्याची, एक कागदपत्रं आणि झेरॉक्सची, एक मुलांना शाळेत सोडण्याची. संध्याकाळी सात वाजता उरलेल्यांनी एका घरी हरिपाठ म्हणावा आणि हॉस्पिटलमधल्या नातेवाइकाला फोनवर जोडून घ्यावं. त्याने इअरफोन लावून ऐकावा, म्हणायचं नसेल तरी चालेल. पंचवीस मिनिटांत संपवा, नंतर चौकश्या नकोत.

सोयर-सुतक आणि मासिक पाळी यांमुळे अनेक जणी नेमक्या गरजेच्या वेळी देवापासून स्वतःला तोडून घेतात. देवघराला हात लावायचा नसेल तर लावू नका, घरची रीत पाळा. पण नामाला सुतक नाही, ही वारकऱ्यांची पक्की धारणा आहे. दहा दिवस पूजा बंद असली तरी जप बंद नसतो.

काही वेळा प्रार्थना पुरत नाही आणि ते ओळखायला हवं. दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, 'माझ्या पापामुळेच झालं' हे एकच वाक्य फिरतं आहे, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा सुरू झाली, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जीव देण्याची भाषा असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

पेशंट घरी आला की लगेच नवस फेडायला निघायची घाई होते. महिन्याची औषधं आणि पुढची तपासणी यांचे पैसे आधी बाजूला काढा. टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं असेल तर अंगारकी टाळा. त्या गर्दीत नुकत्या बऱ्या झालेल्या माणसाला न्यायचं नाही, केमो चालू असेल तर मुळीच नाही. घरातल्या एकाने साध्या वारी, सकाळच्या लोकलने जाऊन यावं. पेशंटने घरीच, खुर्चीत बसून, तीन माळांतली एक चालू ठेवावी, त्याच वेळेला. बाकीच्या दोन सुटल्या तरी चालतील.